दुरुस्तीची विद्या : सांगावी कशी, लिहावी कशी?

द्वितीय वर्ष, कला (मराठी)

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारदुरुस्तीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. एखादी कथा, चार कविता किंवा कादंबरीचे रसग्रहण दिले असते तर ते अंकाला अधिक शोभले असते, असेही कोणी म्हणेल. परंतु माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी गॅरेज आहे आणि माझी फी त्या गॅरेजमधून येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गॅरेजमधली विद्या आणि कॉलेजमधली विद्या यांचे एकमेकींशी काही नाते आहे की नाही, हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. त्याचा एकच कोपरा प्रस्तुत लेखात तपासायचा आहे. हाताने येणारी विद्या दुसऱ्याला शब्दांनी देता येते काय? आणि देता येत असेल, तर ती कशी द्यावी?

चहा आणायला गेलेला पोऱ्या

वडील बाराव्या वर्षी गॅरेजमध्ये लागले. त्या वेळी आमच्या भागात अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी याच गाड्या अधिक दिसत. पद्मिनीला सगळे 'फियाट'च म्हणत. पहिली दोन वर्षे त्यांनी पाने पुसले, रॉकेलमध्ये सुटे भाग धुतले, चाके उघडली. मात्र इंजिनचे टायमिंग लावण्याची वेळ आली, की उस्ताद हमखास त्यांना चहा आणायला पाठवीत. चहा येईपर्यंत काम उरकलेले असे. वडील टपरीपर्यंत धावत जात आणि धावतच परत येत. शेवटची दोन मिनिटे तरी नजरेस पडावीत, एवढाच हेतू. "विद्या मागून मिळत नसती, बघून चोरायची असती," असे ते अजूनही म्हणतात.

यात उस्तादांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे पोट त्या विद्येवर होते. पोऱ्या शिकला की समोरच्याच नाक्यावर दुकान थाटतो, हे त्यांनी पाहिलेले होते. आपल्याकडे कितीतरी कसबे घराबाहेर न जाता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती याच भीतीपोटी.

पण न सांगितलेल्या गोष्टींची किंमत कोणीतरी भरतोच. वडिलांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. गाडी तापून आली होती आणि त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले. बंद रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे शंभर अंशांच्या वर तापूनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी एकदम उकळून वाफेसह उसळते. हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आज रस्त्यात एखादा अनोळखी माणूस वाफाळत्या गाडीचे बॉनेट उघडताना दिसला, तरी वडील आपली मोटारसायकल थांबवतात आणि ओरडून सांगतात, "झाकणाला हात लावू नका, अर्धा-पाऊण तास थांबा!" या सल्ल्याचे ते पैसे घेत नाहीत. बाकीची विद्या मात्र त्यांनीही मुठीतच ठेवली होती. माझ्यापासूनसुद्धा.

आधी मायनस!

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत गावातल्या एका निवृत्त गृहस्थांची मॉरिस मायनर आमच्याकडे आली. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. आमचे वडील सुटे भाग आणायला जाताना मला सांगून गेले, "बॅटरी काढून ठेव. आधी मायनस." हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बॅटरी काढताना आधी मायनसचे टोक सोडवायचे, जोडताना ते शेवटी जोडायचे. मी तसेच केले. पाना फिरवताना त्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले आणि लखकन ठिणग्या उडाल्या. मी हात झटकला म्हणून बचावलो. पान्याच्या कडेला वितळल्याचा खड्डा पडला, तो अजून आहे.

वडील आल्यावर रागावले. "आधी मायनस म्हणून सांगितलं होतं ना?"

"मायनसच काढत होतो, अण्णा."

मग आम्ही दोघेही गप्प झालो.

गाडीच्या मागच्या सीटवर मालकांनी ठेवलेले एक इंग्रजी पुस्तक होते. काळ्या बोटांचे ठसे उमटलेले, पाठीचा पुठ्ठा सुटलेला असा तो जाडजूड ग्रंथ म्हणजे याच गाडीच्या दुरुस्तीचा 'हेन्स मॅन्युअल' होता. वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत मराठीतून झालेले. त्यांनी ते पुस्तक उघडलेही नव्हते. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि रात्री उत्तर सापडले.

बॅटरीचे एक टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले असते. गॅरेजच्या भाषेत त्याला 'अर्थ' म्हणतात. संपूर्ण लोखंडी बॉडी ही जणू विजेची परतीची तार असते. अर्थचे टोक आधी काढताना पाना बॉडीला लागला तरी काही बिघडत नाही, कारण ते टोक आणि बॉडी मुळात जोडलेलीच असतात. पण दुसरे टोक आधी सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला लागला, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो. हल्लीच्या गाड्यांत अर्थ मायनसला असतो, म्हणून 'आधी मायनस'. जुन्या मॉरिसमध्ये मात्र अर्थ प्लसला दिलेला असतो! तिथे वडिलांचा नियम नेमका उलटा ठरला.

म्हणजे खरा नियम 'आधी मायनस' हा नव्हताच. 'बॉडीला जोडलेले टोक आधी' हा खरा नियम. वडिलांना उस्तादांकडून नियम मिळाला, कारण मिळाले नाही. त्यांनी मला तोच नियम दिला, कारणावाचून. ओळखीच्या गाडीपुरता नियम पुरतो. गाडी बदलली, की कारण माहीत असलेला माणूस तरतो आणि नुसता नियम पाठ असलेला फसतो. हे मला त्या पान्यावरच्या खड्ड्याने शिकवले.

ज्यांनी मूठ उघडली

त्या पुस्तकामुळे ते लिहिणाऱ्याविषयी कुतूहल वाटू लागले. जॉन हेन्स यांचा जन्म १९३८ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाला. त्यांचे वडील तेथे चहाच्या मळ्यावर होते. इंग्लंडमध्ये शाळेत असताना रग्बीच्या खेळाऐवजी मोटारीवर काम करण्याची सवलत त्यांनी मिळवली आणि ऑस्टिन सेव्हन या जुन्या गाडीवरून आपली एक नवी गाडी बांधली. ती कशी बांधली, याची छोटी पुस्तिका त्यांनी १९५६ मध्ये काढली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे विमानदलाच्या नोकरीत एडनला असताना एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीची दुरुस्ती करण्याचा प्रसंग आला. गाडीच्या कंपनीने काढलेली पुस्तिका सामान्य मालकाच्या उपयोगाची नाही, हे त्यांना दिसले. म्हणून इंजिन उघडताना आणि पुन्हा जोडताना त्यांनी पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. त्यातून १९६६ साली पहिला हेन्स मॅन्युअल निघाला. तीन हजार प्रतींची पहिली आवृत्ती तीन महिन्यांच्या आत संपली. २०१९ मध्ये हेन्स वारले, तोवर या मालिकेच्या वीस कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या होत्या.

गाडी प्रत्यक्ष उघडून, पुन्हा जोडून, मगच लिहायचे, अशी या पुस्तकांची पद्धत. कोणते काम किती अवघड, हे दाखवायला एक ते पाच पान्यांची चित्रे छापलेली असतात. एक पाना असेल तर नवख्यानेही हात घालावा. पाच पाने असतील तर ते कसलेल्या माणसाचे काम. वाचकाला धीर देणे आणि वेळीच थांबवणे, ही दोन्ही कामे त्या पाच लहान चित्रांनी साधतात.

दुसरे नाव जॉन म्युअर यांचे. हे अमेरिकेतले इंजिनिअर. नोकरीचा मार्ग सोडून ते न्यू मेक्सिको राज्यात गाड्या दुरुस्त करू लागले. १९६९ मध्ये त्यांनी फोक्सवागन गाडी जिवंत कशी ठेवावी, यावर पुस्तक लिहिले आणि स्वतःच प्रसिद्ध केले. ते अगदी अडाण्यासाठी लिहिले आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच थट्टेने म्हटले आहे. पीटर अ‍ॅशवॉन्डन यांनी काढलेल्या चित्रांत इंजिनचा एकेक भाग सुटा होऊन हवेत तरंगताना दिसतो. वाचकाला काही येत नाही हे गृहीत धरायचे, पण त्याला कमी लेखायचे नाही, ही म्युअर यांची खुबी.

तिसरे उदाहरण टॉम आणि रे माग्लिओझी या भावांचे. दोघेही अमेरिकेतील प्रख्यात एम. आय. टी. संस्थेचे पदवीधर. १९७३ मध्ये त्यांनी केंब्रिज या गावी एक गॅरेज काढले. तेथे जागा आणि हत्यारे भाड्याने मिळत, दुरुस्ती ज्याची त्याने करायची. १९७७ पासून ते बोस्टनच्या नभोवाणीवर गाड्यांविषयी बोलू लागले आणि १९८७ पासून तो कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला. श्रोते फोनवर गाडीचा आजार सांगत, तोंडाने आवाज काढून दाखवत, आणि हे भाऊ हसत-खिदळत निदान करीत. या कार्यक्रमातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ते अधूनमधून जुन्या श्रोत्याला पुन्हा बोलावून 'आमचे निदान बरोबर निघाले का?' असे सर्वांदेखत विचारत. चुकले असेल तर तेही सर्वांदेखत.

आकडा आणि ब्लेड

मॉरिस आमच्याकडे महिनाभर होती. रोज संध्याकाळी गॅरेज बंद झाले की मी ते पुस्तक मोठ्याने वाचायचो, मराठीत अर्थ सांगायचो आणि वडील ऐकायचे. एके दिवशी वाचले, 'स्पार्क प्लगची फट ०.०२५ इंच ठेवावी.' म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर. वडील उठले, हॅकसॉचे ब्लेड घेऊन आले आणि म्हणाले, "फट याच्या जाडीएवढी ठेवायची. पुस्तकात काय वेगळं लिहिलंय?" आम्ही फीलर गेजने ब्लेडची पाठ मोजली. फरक नावालाही नव्हता. वडिलांना आकडा ठाऊक नव्हता, पुस्तकाला ब्लेड ठाऊक नव्हते. विद्या एकच होती.

पण पुस्तकाचेही सगळे पुरे पडत नव्हते. भाग काढण्याच्या पायऱ्या ते सविस्तर सांगते आणि बसवण्याविषयी बहुधा एवढेच सांगते, की त्याच पायऱ्या उलट्या क्रमाने करा. यावर वडील मनापासून हसले. "आणि काढतानाच बोल्ट तुटला, तर उलट काय करायचं?" मग ते सांगत गेले. गंजलेल्या बोल्टला आधी तेल सोडून रात्रभर ठेवावे. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतील तर पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवावेत, म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. इंजिनचे हेड आवळताना मधल्या बोल्टपासून बाहेर जावे आणि एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळावे, नाहीतर हेड वाकडे बसते. मी वहीत लिहून घेऊ लागलो. 'का?' असे विचारले की पूर्वी ते रागावत. आता थांबून विचार करीत, कधी म्हणत, "थांब, उद्या बघून सांगतो."

सांगण्याचे पाच नियम

एवढ्या वाचनावरून आणि त्या वहीवरून दुरुस्तीची विद्या कशी सांगावी, याचे पाच नियम मला सुचले. 'गाडी सुरू होत नाही' या नेहमीच्या तक्रारीवर ते लावून दाखवतो.

पहिला नियम : आजाराचे नाव नव्हे, लक्षण सांगावे. 'बॅटरी गेली' हे निदान झाले. 'किल्ली फिरवली की टक् असा एकच आवाज येतो आणि दिवे मंदावतात' हे लक्षण. आवाजच नाही, नुसता टक् आवाज येतो, इंजिन कण्हत फिरते, किंवा इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, या चार वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तिन्हींत प्रथम बॅटरी, तिची टोके आणि स्टार्टरकडे पाहायचे. चौथीत ठिणगी, पेट्रोल आणि हवा यांपैकी काय पोचत नाही, ते शोधायचे.

दुसरा नियम : स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करावी. टक् आवाज येत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी टोके पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरलेली असते, त्यामुळे वीज पुढे जात नाही. टोके सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग टोके घासून, कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. ती पूड आम्लाची असते, तेव्हा डोळे सांभाळावेत. या दहा मिनिटांच्या कामाने पुष्कळदा काही हजारांची बॅटरी वाचते.

तिसरा नियम : प्रत्येक पायरीचे कारण सांगावे. 'आधी मायनस'ची हकीकत वर दिलीच आहे.

चौथा नियम : धोका आणि मर्यादा आरंभीच सांगावी, शेवटी नव्हे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. सपाट जमीन, चाकांना ठोकळे आणि गाडीखाली भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांवर पुस्तक वाचून प्रथमच हात चालवू नये. काम चुकले तर त्याची शिक्षा रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला होते.

पाचवा नियम : चूक आणि निकाल, दोन्ही सांगावे. 'आम्ही आधी कॉइल बदलली, उपयोग झाला नाही, शेवटी दोष तारेत निघाला' असे सांगणारा माणूस दुसऱ्याचे कॉइलचे पैसे वाचवतो. सल्ला घेऊन गेलेल्याने परत येऊन 'जमले' किंवा 'जमले नाही' एवढे सांगितले नाही, तर ती विद्या अर्धवट राहते. माग्लिओझी बंधू जुन्या श्रोत्यांना पुन्हा बोलावत, ते याचसाठी असावे.

बंद पेटीचा प्रश्न

आता गाड्या बदलल्या. जुनी पद्मिनी डोळ्यांनी वाचता येई. तिची मुंबईतील टॅक्सी म्हणून सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. नव्या गाडीत संगणक असतो आणि दोष त्याच्या पोटात सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने नोंदला जातो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत असे दोष वाचण्याची एकसारखी सोय सक्तीची झाली. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. 'पेट्रोलच्या मानाने हवा जास्त' असा क्रमांक आला, तर सेन्सर खराब असेलच असे नाही. एखादी रबरी नळी चिरून बाहेरची हवा आत जात असेल. ती नळी अजूनही डोळ्यांनी आणि बोटांनीच सापडते.

शिवाय कंपनीने माहितीच दिली नाही, तर बाहेरचा मिस्त्री काय करणार? म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी कौल दिला, की दुरुस्तीची माहिती गाडीच्या मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचा समावेश केला. पूर्वी उस्ताद चहा आणायला पाठवीत, आता ते काम कंपन्या करतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

समारोप

मॉरिस दुरुस्त होऊन गेली. पुस्तकही मालकांबरोबर गेले. वही मात्र राहिली आणि ती आता दुसरी झाली आहे. 'टायमिंग' हे प्रकरण लिहायचे होते, त्या संध्याकाळी वडिलांनी इंजिनवरचा दिवा माझ्या बाजूला सरकवला, डिस्ट्रिब्युटर सैल केला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. तेवढ्यात आईने चहा झाल्याचे घरातून सांगितले. मी उठू लागलो, तर वडील म्हणाले, "तू थांब. चहा आज मी आणतो."

ही वही छापण्याजोगी नाही, हे मी जाणतो. तिच्यात अजून कितीतरी 'का?' रिकामे आहेत. परंतु वर्गात आपण भाषेचा अभ्यास करतो, तो केवळ परीक्षेपुरता नसेल, तर असल्या कामी तो उपयोगी पडला पाहिजे. माझ्या वर्गात गवंड्याचा मुलगा आहे, विणकराची मुलगी आहे, शेतातली मोटर स्वतः बांधणाऱ्याचा भाऊ आहे. आपापल्या घरी असलेली विद्या त्यांच्यापैकी कोणी एका वहीत उतरवू लागला, तर सुरुवात माझ्यासारखीच करावी. आधी घरच्या माणसाला विचारावे, की कोणती गोष्ट वेळीच कोणी सांगितली असती तर तुमचा हात भाजला नसता. वहीच्या पहिल्या पानावर तीच लिहावी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर रेडिएटरचे झाकण आहे.